वही आपली, पण उघडणार कोण?

गेल्या महिन्यात एका रात्री अकराच्या सुमारास धाकट्या भावजयीचा फोन आला. अम्मीला ताप चढला म्हणून तिला दवाखान्यात नेले होते. "भाईजान, डॉक्टर विचारताहेत, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? मोबाइलमधली वही उघडली, पण त्यात केमिस्टची बिलंच दिसताहेत."

अम्मीला पेनिसिलीन चालत नाही. आम्ही फोनवरच सांगितले आणि वेळ निभावली. पण रात्रभर एकच विचार मनात राहिला. फोन लागला नसता तर? माहिती तर वहीत होती. आम्हीच लिहिलेली होती.

ही वही म्हणजे टिडलीविकी. जेरेमी रस्टन यांनी २००४ साली ती प्रथम लोकांपुढे आणली. ती मोफत मिळते. सगळी वही एकाच फाइलमध्ये मावते आणि ब्राउझरमध्ये उघडते; वाचायला इंटरनेट लागत नाही. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला 'टिडलर' म्हणतात. इंग्रजीत टिडलर म्हणजे बारीकसा मासा. 'विकी' हा शब्द हवाई बेटांच्या भाषेतला, अर्थ 'झटपट'. आमच्या वहीतून मात्र गरजेच्या वेळी झटपट काहीच मिळाले नाही. चूक वहीची नव्हती, आमची होती.

'अम्मी' या पानावर आम्ही चार टॅब केले होते: औषधे, ॲलर्जी, रिपोर्ट आणि खर्च. पहिल्या पानावर 'अम्मीची ॲलर्जी' अशी लिंक दिली होती. पण साधी लिंक फक्त पान उघडते, टॅब बदलत नाही. शेवटी जो टॅब उघडा राहिला असेल, तोच पुन्हा समोर येतो. आदल्या दिवशी आम्ही बिले लिहिली होती, म्हणून भावजयीला 'खर्च' दिसला. वर आणखी तीन टॅब आहेत, हे त्या घाईत तिच्या लक्षात कसे यावे?

उपाय शोधताना एक गोष्ट कळली. कोणता टॅब उघडा आहे हे वही एका छोट्या, नजरेआडच्या नोंदीत लिहून ठेवते. त्या नोंदीला 'स्टेट' म्हणतात. तिच्यात 'खर्च' लिहिले असेल तर खर्च दिसतो, 'ॲलर्जी' लिहिले तर ॲलर्जी. म्हणजे लिंकच्या जागी असे बटण हवे, जे एका दाबात दोन कामे करील: स्टेटमध्ये 'ॲलर्जी' लिहील आणि 'अम्मी' हे पान उघडील. बटणाला 'सेट'मध्ये स्टेटचे नाव द्यायचे, 'सेटटू'मध्ये टॅबचे आणि 'टू'मध्ये पानाचे. हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावे लागतात. बटण दिसायलाही अगदी लिंकसारखे करता येते.

आम्ही तसे केले, तरी टॅब जागचा हलेना! दोन संध्याकाळी गेल्या. मग उलगडा झाला. टॅब तयार करताना आपण स्टेटला जे नाव देतो, त्याच्या शेवटी वही आपल्याकडून एक आकडा जोडते, म्हणजे दोन जागचे टॅब एकमेकांत गुंतत नाहीत. बटण लिहीत होते एका नोंदीत आणि टॅब वाचत होते दुसरीच. टॅबना 'एक्सप्लिसिटस्टेट' या शब्दाने नाव दिले की आकडा जोडला जात नाही. तेवढा बदल करताच काम झाले. आणखी एक सांगायचे: बटणात टॅबचे नाव हुबेहूब हवे. टॅबवर दिसणारे नाव वेगळे ठेवले असेल, तर बटणात नोंदीचे मूळ नाव लिहावे.

बदल झाल्यावर वही सेव्ह केली आणि नवी फाइल घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली. जुनी फाइल तशीच राहिली असती तर सारी मेहनत फुकट गेली असती. मग भावजयीच्या हातात मोबाइल देऊन म्हटले, "अम्मीची ॲलर्जी दाखव." तिने एकदा बोट लावले आणि पेनिसिलीन हा शब्द समोर आला. ती म्हणाली, "हे आधी का नाही केलंत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. वही आम्ही आमच्या सवयीने मांडली होती. कुठे काय आहे हे आम्हाला पाठ होते, म्हणून बाकीच्यांनाही सापडेल असे धरून चाललो होतो. घराची माहिती ही सगळ्या घराची अमानत असते. ती एकाच माणसाच्या डोक्यात राहता कामा नये.

तुमची वही मोबाइलमध्ये असो, डायरीत असो की कपाटातल्या फायलीत, आज एवढे करून पाहा. ती ज्याने लिहिली नाही त्याच्या हातात द्या, एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. त्याला उत्तर सापडले नाही, तर वहीचे काम अजून बाकी आहे असे समजा. आणि ॲलर्जीची एक चिठ्ठी अम्मीच्या पाकिटात ठेवा. मोबाइलची बॅटरी उतरते, कागदाला ती लागत नाही. आम्हीही ठेवली आहे.