मांजर चावले तर हसण्यावारी नेऊ नका

गेल्या आठवड्यात कशेळ्याला मुरबाड रस्त्यावरच्या एका टपरीवर चहा घेत होतो. कुणा फार्महाऊसवाल्यांचा पांढरा पॉमेरियन टपरीवाल्या काकूंच्या मनीवर धावून गेला. मनीने पाठीची कमान केली, अंग फुगवले आणि त्याच्या नाकावर दोन फटके ठेवून दिले. कुत्रा केकाटत गाडीखाली! बाकड्यावरच्या मंडळींत लगेच वाद पेटला, ताकद कोणाची जास्त?

माझे मत विचाराल तर पहिले अर्धे मिनिट मांजराचे, पुढचा वेळ कुत्र्याचा. मांजराचे शरीर दबा धरून झेप घेण्यासाठी घडलेले आहे. स्वतःच्या उंचीच्या पाचपट उडी ते सहज मारते. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी त्याची १८ नखे चालताना आत ओढलेली असतात, म्हणून धार टिकते. कुत्र्याची नखे जमिनीवर घासून बोथट होतात. पण मांजराला दम नाही. ते लवकर थकते आणि झाड गाठते. कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. चार-पाच किलोच्या कुत्र्याचाही जबडा दणकट असतो आणि धावण्याची चिकाटी मोठी. त्याने मानेला धरून झटकले तर मांजराची धडगत नाही.

आता दवाखान्याच्या दृष्टीने पाहू. कुत्र्याच्या चाव्याने कातडी फाटते, रक्त येते, माणूस घाबरून धावत येतो. मांजराचे सुळे सुईसारखे. वरून ठिपका दिसतो, पण घाण आत खोल जाते आणि तोंड मिटते. दुसऱ्या दिवशी बोट टम्म सुजते. रेबीज मांजरापासूनही होतो आणि तो एकदा झाला की रुग्ण सहसा वाचत नाही, हे आमच्या लोकांना पटवताना घसा कोरडा पडतो.

त्या दिवशीही तेच झाले. मनीला उचलायला गेलेल्या काकूंच्या अंगठ्याला तिचे दात लागले. काकू हळद दाबून म्हणाल्या, "अहो डॉक्टर, मांजराचं काय मनावर घ्यायचं?" मी हळद काढायला लावली. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचे नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का तेही विचारावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस २००४-०५ च्या सुमारास आपल्याकडे बंद झाली. आता सुई दंडात, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य धरायचा.

आणि भांडण सोडवायला हात घालू नका. तांब्याभर पाणी फेकले की दोन्ही पहिलवान वेगळे होतात.

काकूंच्या तीन सुया झाल्या. चौथीची तारीख त्यांनी टपरीच्या फळीवर खडूने लिहून ठेवली आहे, उधारीच्या हिशेबाशेजारी.