चिवड्याच्या पुडीचा नीरक्षीरविवेक

दुधाची रिकामी पिशवी धुऊन ठेवली तर रद्दीवाला ती वजनावर घेतो. वेफर्सची अथवा चिवड्याची चकचकीत पुडी मात्र तो हातींही धरीत नाहीं, हें आमच्या वाचकभगिनींच्या अनुभवाचेंच आहे. हा पंक्तिप्रपंच अकारण नव्हे. दुधाची पिशवी पॉलिएथिलीन ह्या एकाच जातीच्या प्लास्टिकची असते व वितळवून पुन्हां उपयोगीं पडते. पुडीला पापुद्रे अनेक: बाहेर छपाई धरणारा, मध्यें हवा व ओल अडविणारा (चकाकणारा ॲल्युमिनियमचा विरळ लेप तो हाच) आणि आंत उष्णतेनें चिकटणारा. हे सारे एकत्र वितळविले असतां एकजीव होत नाहींत. निपजतो तो एक निःसत्त्व गोळा.

वाळूंत मीठ मिसळलें तर पाणी घालून मीठ तेवढें काढून घ्यावें, ही युक्ति शाळेंतील मुलेंही जाणतात. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत जॉर्ज ह्यूबर व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेली रीति तत्त्वतः हीच होय. त्यांनीं घेतलेल्या पापुद्र्यांत पॉलिएथिलीन, हवा अडविणारें एथिलीन व्हिनाइल अल्कोहोल व पॉलिएस्टर अशीं तीन द्रव्यें होतीं. सुमारें ११० अंश उष्ण टोल्युईनमध्यें पहिलें तेवढें विरघळलें. डायमिथिल सल्फॉक्साइड व पाणी ह्यांच्या ऊन मिश्रणांत दुसरें. पॉलिएस्टर जसेंच्या तसें उरलें. विरघळलेलें द्रव्य खालीं बसवून गाळून घेतलें, आणि जवळजवळ सर्व माल निरनिराळा हातीं आला. कोणता द्रव कोणास विरघळवील ह्याचा अदमास गणकयंत्रानें आधीं बांधला होता, हा भाग आम्हांस विशेष कौतुकाचा वाटला.

परंतु टोल्युईन ज्वालाग्राही व विषारी आहे. त्याचा थेंबन् थेंब परत मिळवून पुन्हां वापरला तरच हा व्यवहार परवडेल. प्रारंभीं द्रव्य खालीं बसविण्यासाठीं दुसरा द्रव घालीत. तो पुन्हां वेगळा करण्यास इंधन फार लागे, म्हणून पुढें केवळ द्रावण थंड करण्याची तोड निघाली. छपाईच्या शाईचा उपद्रव निराळाच.

आपल्या सरकारनें २०१६ च्या नियमांत, पुनरुपयोग न होणाऱ्या अशा बहुस्तरी पुड्या दोन वर्षांत बंद कराव्या असें म्हटलें होतें. २०१८ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन, ज्यांपासून ऊर्जा मिळते किंवा ज्यांचा अन्य उपयोग होतो त्या वगळल्या गेल्या. म्हणजे भट्टींत जाळतां आली कीं पुडी निर्दोष! आमच्या मतें ही पळवाट होय. जाळण्यानें सुटका होत असतां पृथक्करणाचा खर्च कोण सोसणार?

कारखान्यांतील कातरण स्वच्छ व माहितींतलें असल्यानें आरंभ तेथूनच होणें सोपें. घरची पुडी तेलकट, व तिच्या पोटांत कोणते थर आहेत तें पाहून सांगतां येत नाहीं; आणि कोणता द्रव वापरावा हें तर त्यावरच ठरावयाचें. तेव्हां थरांचीं नांवें क्रमानें पुडीवर छापावींत. आंत तेल किती व मीठ किती हें छापणारास तेवढी एक ओळ जड जाऊं नये.