गप्प राहून विकलेली फटफटी

आमच्या आजोळी, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, साईडकारसकट एक बीएसए एम-२० फटफटी उभी आहे. यंदा दिवाळीनंतर मामांनी ती विकायला काढली. घराण्याची वस्तू विकू नये, असे नातलगांनी पुष्कळ सुनावले. पण त्यातल्या एकानेही गेल्या दहा वर्षांत तिच्या टायरसाठी चार पैसे दिलेले नाहीत. गाडी विकावी याच मताचा मी आहे. माझे म्हणणे आहे ते ती कशी विकावी याबद्दल.

आधी गाडीची ओळख. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका करणाऱ्यांनी काढलेली कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन बंदुका. एम-२० चे इंजिन ४९६ सी. सी.चे, साईड-व्हॉल्व्ह. पुढे गर्डर फोर्क, मागे सस्पेन्शन मुळीच नाही, सीटखालच्या स्प्रिंगा काय तो आधार. चपळाई बेताची, पण ओझे ओढायला पक्की. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या निघाल्या. आमची गाडी पणजोबांनी युद्धानंतर लष्करी मालाच्या लिलावात घेतली, आणि साईडकार मागाहून जोडली. इंग्रजांप्रमाणे आपणही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे विलायती साईडकार इथे काही न बदलता बसते.

तिच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, साईडकारचा पुढचा सांधा फ्रेमला मिळतो. तिथे फ्रेम एकदा तडकली होती. मामांनी ती वेल्डिंग करून घेतली, घासली आणि वर काळा रंग मारला. मी तेव्हा सहावीत होतो. रंगाचा डबा मीच धरला होता.

मागच्या महिन्यात हुबळीहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. बोलणे सगळे कानडीत. मामांचे कानडी बाजारापुरते, म्हणून दुभाष्या मी. इंजिनचा आणि फ्रेमचा नंबर वेगळा आहे, हे आम्ही आपणहून सांगितले. त्यात आमचे काही जात नव्हते. या गाड्यांचे ते नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे येत. मग त्यांनी विचारले, "फ्रेम छलो ऐतल्ल?" फ्रेम चांगली आहे ना? मी मामांकडे पाहिले. मामा म्हणाले, "सांग त्यांना, आमच्या वडिलांनी हीच गाडी चाळीस वर्षं चालवली." मी तसे कानडीत सांगितले. वाक्य खरेच होते. गृहस्थांनी मान डोलावली, धाकट्या मुलीला साईडकारमध्ये बसवून फोटो काढला आणि पुढच्या आठवड्यात पैसे घेऊन येतो म्हणाले.

कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना पुढची गोष्ट पाठ आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ खाली घोड्याची उदाहरणे आहेत. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून विकणारा लिलावात काही बोलला नाही, तर ते कपट नव्हे. आपण परीक्षेत एवढे लिहून पुढे जातो. पण त्याच कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे: घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालतो," आणि विकणारा गप्प राहतो. तिथे गप्प राहणे हेच बोलणे ठरते. आमच्या परसात यापेक्षा निराळे काय घडले? आम्ही तर गप्पही राहिलो नाही, भलतेच उत्तर दिले.

मामांची बाजूही मांडतो, कारण ती पोकळ नाही. जुन्या गाडीत डागडुजी असायचीच, हे घेणाऱ्याला कळत नाही का? त्याने मेकॅनिक आणायला हवा होता. कलम १९ च्या अपवादातही हेच आहे, की साध्या चौकशीने जे कळले असते त्याबद्दल गप्प राहिले म्हणून घेणाऱ्याला मागाहून करार मोडता येत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी केली, तर ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. "शोभेचीच वस्तू आहे रे," मामा म्हणाले.

पण रॅलीत चालवायची मुभा त्याच नियमांत आहे. आणि साईडकारची गाडी वळणावर झुकत नाही. सायकलसारखी ती कलंडवून वळवता येत नाही, हँडल ओढूनच वळवावी लागते. त्यामुळे बाजूचा सगळा जोर फ्रेमवर आणि सांध्यांवर येतो. वेग वाढवला की साईडकार मागे राहते आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक मारला की साईडकार पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे जाते. दर वेळी ताण त्याच जागी. रंगाखालचे वेल्डिंग साध्या चौकशीने दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर रंग मारला होता. ते निसटले, तर किंमत मामा किंवा ते गृहस्थ मोजणार नाहीत, डावीकडे बसलेली मुलगी मोजेल.

"मी फक्त भाषांतर केले" ही माझी पळवाट मला चार दिवस पुरली. आपल्यापैकी पुष्कळांना घरच्या व्यवहारात असे मधे उभे राहावे लागते, बँकेत, कचेरीत, बाजारात. दोन्ही भाषा येणाऱ्यालाच तिथे दोन्हीकडचे सगळे कळत असते. मला जे ठाऊक होते ते त्या गृहस्थांना कानडीत सांगू शकेल असे त्या परसात दुसरे कोणीही नव्हते.

पाचव्या दिवशी मामांना सांगून मी हुबळीला फोन केला. मामा म्हणाले, "कर. किंमत पडली तर तुझ्या लग्नात वळती करून घेईन." नंतर दोन दिवस बोलले नाहीत.

पलीकडे गृहस्थ जरा वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, की वेल्डिंग नळीवर आहे की नळी बसते त्या ओतीव तुकड्यावर. मी शेडमध्ये जाऊन बॅटरी पाडून पाहिले. नळीवर आहे. रविवारी उद्यमबागेतल्या एका फिटरकडे सांधा खोलायचा ठरला आहे. ते येणार आहेत. किंमत त्यानंतर.