कडेवर मूल आहे ना, मग बाई साधीच!

संध्याकाळी साडेसहाची वेळ. नाशिकच्या सीबीएसवरून ओझरकडे निघालेली एसटी खच्चून भरलेली. दिवसभर ऑफिसात मान मोडून काम केलेल्या तुम्हाला नशिबाने खिडकी मिळालीय. कानात गाणी आहेत, डोळा लागायच्या बेतात आहे. तेवढ्यात आडगावला एक बाई चढते. कडेवर मूल, हातात पिशवी. तुम्ही काय करता? उठता. दहाव्या मैलापर्यंत लटकत उभे राहता आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटता.

छान. उठायलाच हवं. पण आजचा विषय नेमका तुमच्या या चांगुलपणाचाच आहे. कारण तीन बायकांनी याच चांगुलपणाच्या जिवावर तब्बल सहा वर्षं धंदा केला. नाशिक, पुणे, ठाणे, कोल्हापूर... सगळीकडे. आणि त्या पकडल्या गेल्या त्या आपल्या नाशिकमधल्या एका कुटुंबाच्या तक्रारीमुळे.

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसाल. घरी आईला किंवा मावशीला 'गावित बहिणी' एवढंच म्हणून बघा. २०१९ मध्ये झी फाईव्हवर आलेल्या 'पोशम पा'मुळे काहींना हे प्रकरण माहीतही असेल. पण सिनेमात दिसतात त्या तीन भयंकर बायका. आपल्याला बघायचंय त्यांच्याभोवतीच्या गर्दीकडे. म्हणजे आपल्याकडे.

आयडिया सुचली कशी?

मायलेकींचा मूळ उद्योग म्हणजे पाकीटमारी. देवळं, जत्रा, बसस्टँड, जिथे धक्काबुक्की तिथे या. १९९० च्या सुमारास पुण्यातल्या एका देवळाच्या गर्दीत रेणुकाला चोरी करताना लोकांनी रंगेहाथ धरलं. तेव्हा तिच्याजवळ तिचं स्वतःचं लहान मूल होतं. तिने कांगावा केला. लेकराला घेऊन कुणी चोरी करतं का, असा तिचा सूर होता. आणि गर्दी विरघळली! लोकांनी तिला सोडून दिलं.

झालं. तिघींना बिझनेस मॉडेल मिळालं. मूल सोबत असलं की संशय येत नाही आणि आला तरी टिकत नाही. मग प्रत्येक वेळी स्वतःचं मूल कशाला धोक्यात घालायचं? दुसऱ्याचं उचलायचं.

पहिलं मूल त्याच वर्षी कोल्हापुरातून उचललं. एका भिकारणीचा जेमतेम दीड वर्षाचा मुलगा. काही महिने त्याला सोबत फिरवलं. मग कोल्हापुरातच महालक्ष्मी मंदिराच्या परिसरात सीमा चोरी करताना पकडली गेली. लोक जमले, आता मार पडणार असं दिसलं आणि अंजनाबाईने हातातलं मूल जमिनीवर आपटलं. रक्त, किंकाळी, गोंधळ. गर्दीचं सगळं लक्ष पोराकडे गेलं आणि सीमा सुटली. जखमी मूल रडायचं थांबेना, म्हणून नंतर त्याला मारून टाकलं.

एवढंच सांगतो. बाकीचे तपशील निकालपत्रांत आहेत आणि ते चवीने वाचण्यासारखे नाहीत.

तेरा मुलं

१९९० ते १९९६ या काळात तेरा मुलं पळवल्याचा आणि त्यातल्या नऊ जणांना मारल्याचा आरोप या मायलेकींवर होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर पाच खून कायम राहिले. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. पद्धत ठरलेली. गर्दीच्या ठिकाणाहून मूल उचलायचं, चोरीसाठी वापरायचं आणि ते नकोसं झालं, रडायला लागलं, आजारी पडलं की संपवायचं. काही मुलांना त्यांनी जिवंत सोडून दिलं, एवढाच काय तो दिलासा.

आता कळीचा प्रश्न. सहा वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

एक तर उचललेली बरीच मुलं गरिबांची होती. फुटपाथवर राहणाऱ्या बाईचं मूल हरवलं, तर तिची तक्रार कोण आणि किती मनावर घेणार? दुसरं म्हणजे मूल एका जिल्ह्यात हरवायचं आणि मृतदेह भलत्याच जिल्ह्यात सापडायचा. कॉम्प्युटर नाही, मोबाईल नाही. इकडची मिसिंगची नोंद आणि तिकडची बेवारस मृतदेहाची नोंद समोरासमोर ठेवून बघणारं कुणी नाही. आणि तिसरं म्हणजे तुम्ही-आम्ही. मूल घेतलेली बाई दिसली की आपण पुढे काही बघतच नाही.

हा काही आपल्याकडचाच प्रकार नाही हं. शंभर वर्षं मागे, थेट इंग्लंडमध्ये जाऊ या. अमेलिया डायर नावाची बाई. शिकलेली नर्स. लग्नाशिवाय झालेल्या बाळांचं काय करायचं हा त्या काळच्या इंग्लंडमधल्या गरीब मुलींपुढचा मोठा प्रश्न होता. डायरबाई पैसे घेऊन अशी बाळं 'सांभाळायला' घ्यायची आणि मारून टाकायची. १८७९ मध्ये एका डॉक्टरला शंका आली होती, कारण तिच्याकडच्या बाळांच्या मृत्यूचे दाखले फारच वेळा लिहावे लागत होते. पण शिक्षा झाली ती हेळसांडीची, फक्त सहा महिने. बाहेर आल्यावर धंदा पुन्हा सुरू.

मार्च १८९६ मध्ये रेडिंग गावाजवळ थेम्स नदीत एका नावाड्याला एक पुडकं सापडलं. आत बाळाचा मृतदेह. गुंडाळलेल्या कागदावर पुसट झालेलं एक नाव आणि पत्ता होता. पोलिस त्या पत्त्याच्या मागावर निघाले आणि डायरपर्यंत पोचले. १० जून १८९६ ला तिला फाशी झाली. खटला एकाच बाळाच्या खुनाचा चालला, पण तिने प्रत्यक्षात किती बाळं मारली याचे अंदाज शेकड्यांत जातात.

साम्य दिसतंय ना? तिथे नर्सचा पेशा, इथे आईचं रूप. आणि दोन्हीकडे बळी अशी मुलं, ज्यांची नोंद ठेवायला कुणी बसलेलं नव्हतं. इंग्लंडने दुसऱ्याच वर्षी, १८९७ मध्ये, असं मूल सांभाळायला घेणाऱ्यांवर नजर ठेवणारा कायदा कडक केला.

पकडल्या कशा?

पुन्हा नाशिकला येऊ. अंजनाबाईला तिच्या नवऱ्याने सोडलं होतं आणि दुसरा संसार थाटला होता. त्याचा राग तिच्या डोक्यात होताच. १९९५ मध्ये त्या दुसऱ्या संसारातली मुलगी पळवून या तिघींनी तिला मारलं. आतापर्यंतचे खून चोरीच्या सोयीसाठी होते, हा सुडासाठी होता. आणि इथेच गणित चुकलं. कारण या वेळी मूल अनोळखी बाईचं नव्हतं. या मुलीच्या आईला संशय कुणावर घ्यायचा ते माहीत होतं. तिने ते पोलिसांना सांगितलं आणि ती हटली नाही. त्याच घरातली दुसरी मुलगी पळवण्याचा बेत शिजत असतानाच १९९६ च्या अखेरीस तिघी पकडल्या गेल्या. पुण्यातल्या घरात लहान मुलांचे कपडे सापडले आणि एकेक धागा उलगडत गेला.

रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. सरकारतर्फे उज्ज्वल निकम उभे राहिले. अंजनाबाई खटल्याचा निकाल लागण्याआधीच कोठडीत मेली. जून २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोपींच्या बाजूने बोलावं असं काहीच सापडत नाही, अपवाद फक्त त्या स्त्रिया असण्याचा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं.

फाईल इकडून तिकडे

मग फाशी झाली? नाही. दोघींनी दयेचा अर्ज केला आणि फाईल सरकारी प्रवासाला निघाली. या टेबलावरून त्या टेबलावर. राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला तो २०१४ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं होतं, की दयेच्या अर्जावर विनाकारण लांबलेला विलंब हे फाशी रद्द करण्याचं कारण ठरू शकतं. बहिणी त्याच मुद्द्यावर उच्च न्यायालयात गेल्या. १८ जानेवारी २०२२ ला निकाल लागला आणि फाशीची जन्मठेप झाली. गुन्ह्याचा निषेध करायला शब्द अपुरे आहेत, असं न्यायालय म्हणालं. पण जवळपास आठ वर्षांच्या दिरंगाईला सरकारी यंत्रणेचा ढिसाळपणा जबाबदार आहे, असंही बजावलं.

फाशी असावी की नसावी, यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. पण एक गोष्ट बघा. मुलं हरवली तेव्हाही कागद हलले नाहीत आणि निकाल लागल्यावरही कागद हलले नाहीत. त्या मुलांच्या आई-बापांच्या वाट्याला दोन्ही वेळा वाट बघणंच आलं.

गर्दीचं दुसरं रूप

आता म्हणाल, ठीक आहे, यापुढे आम्ही सावध राहू. कुणी संशयास्पद दिसलं की धरू! थांबा, बॉस. तिथेच खरी गोची आहे.

१ जुलै २०१८. नाशिकच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज व्हॉट्सअॅपवर धडाधड फिरत होते. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांवर जमावाला संशय आला आणि त्यांना ठेचून मारण्यात आलं. पाचही जण निर्दोष. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेले. त्यांची ओळख विचारायला, पोलिसांची वाट बघायला कुणी थांबलं नाही.

म्हणजे बघा, पुण्यातली गर्दी चोर बाईला मूल बघून सोडते आणि राईनपाड्याची गर्दी निरपराध भिक्षेकऱ्यांना अवतार बघून मारते. चूक एकच. दोन्हीकडे लोकांनी चेहरा बघून निकाल दिला. गावित प्रकरणाच्या गोष्टी सांगून आपण नुसतीच भीती वाढवली, तर त्याचं फळ राईनपाडा असतं.

आणि गर्दी तर आपल्या पाचवीला पुजलेली. ओझर म्हटलं की बाहेरच्यांना एचएएलचा विमान कारखाना आठवतो, पण गावाला विचाराल तर चंपाषष्ठीची खंडेराव महाराजांची यात्रा आणि बारागाड्या. नाशिकला सिंहस्थाची गर्दी. एवढ्या माणसांत एक हात सुटायला कितीसा वेळ लागतो?

मग करायचं काय?

मूल हरवल्यावर चोवीस तास थांबा, मग या, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवावाच लागतो आणि ते मूल पळवलंय असं धरूनच तपास सुरू करावा लागतो. चार महिन्यांत सापडलं नाही, तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे द्यायचा असतो. 'आमची हद्द नाही' हेही कारण चालत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या पोलिस स्टेशनला नोंदवता येतो, हे स्पष्ट लिहिलंय. १९९० मध्ये कोल्हापुरातल्या त्या भिकारणीच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

तुमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशी, कंपनीच्या गेटवरचे वॉचमनदादा, साईटवर राबणारी कुटुंबं, यांना हे माहीत असतं का? नसतं. त्यांच्या घरचं मूल हरवलं, तर पोलिस स्टेशनात सोबत जाऊन बसा. तुमचं ओळखपत्र, तुमची भाषा, तुमचा 'एफआयआरची कॉपी द्या' हा शांत आग्रह तिथे फार कामाचा ठरतो. त्या नाशिकच्या आईसारखं हटायचं मात्र नाही.

गर्दीत एखादं मूल कुणासोबत घाबरलेलं, गुंगीत असल्यासारखं दिसलं, तर हात उचलू नका आणि मानही फिरवू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे आणि ११२ हा पोलिसांचा नंबर. शंका खोटी निघाली तर कुणाचं काही बिघडत नाही. पोलिस चौकशी करतील आणि माणूस आपल्या वाटेने जाईल.

हे दोन्ही नंबर आत्ता, पान उलटायच्या आधी, मोबाईलमध्ये सेव्ह करा. आणि 'सावधान! मुलं पळवणारी टोळी' असा मेसेज पुढच्या वेळी ग्रुपवर आला, की फॉरवर्ड करण्याआधी पोलिस स्टेशनला फोन करून खरं-खोटं विचारा.