विश्लेषण : थंडीत सीओपीडीच्या रुग्णांना धाप का लागते?

गारठा वाढला की श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, म्हणजेच सीओपीडीच्या रुग्णांचा त्रास बळावतो. खापर थंडीवर फुटते. पण बहुतेकदा मूळ कारण असते विषाणू किंवा जिवाणूंचा संसर्ग. त्यात धुराची भर पडते. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, भारतात ती ६० आहे. म्हणजे सरकारी निर्देशांकात ‘समाधानकारक’ ठरलेली हवाही या रुग्णांना बाधू शकते. बरे वाटताच इनहेलर बंद करणे हे तिसरे कारण. प्रत्येक झटक्यात गमावलेली फुप्फुसांची क्षमता पूर्णपणे परत येतेच असे नाही. म्हणूनच फ्लूची लस आणि नियमित इनहेलर टाळणे महागात पडते. हवेचे निकष कडक करणे मात्र सरकारच्याच हाती आहे.