बेल वाजली, पण दार कोणी उघडले नाही

गेल्या महिन्यात आमच्या वडिलांचे गिरणीतले एक जुने सोबती महाडहून आपल्या मुलाकडे आले होते. एके दिवशी सकाळी लोकल धरून ते वडिलांना भेटायला आमच्या कल्याणच्या घरी आले. आम्ही कचेरीत, सौ. शिवणवर्गाला, मुलगी कॉलेजात. वडील एकटेच आतल्या खोलीत. त्या गृहस्थांनी तीन वेळा बेल दाबली, दार ठोठावले, वीस मिनिटे जिन्यात बसून राहिले आणि परत गेले. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "जयभीम दादा. आमच्या बाबांना फार लागलंय. म्हणतात, आतून टीव्हीचा आवाज येत होता, तरी दार उघडलं नाही."

वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "बेल वाजलीच नाही." आम्ही बाहेर जाऊन बटण दाबले. बेल खणखणीत वाजली. झाले! वडील म्हणतात बेल बिघडली, आम्ही म्हणतो तुमचा कान बिघडला. आठ दिवस घरात अबोला. तो मोडण्यासाठी आम्हाला बेलचा अभ्यास करावा लागला. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, विजेचे ज्ञान फ्यूज बांधण्यापुरते. तरी जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण अशी बिनतारी बेल आता घरोघरी आहे आणि घरोघरी एखादे वृद्ध माणूसही आहे.

वाचकहो, चाळीत कोणाच्या घरी बेल होती? दार दिवसभर उघडे, पाहुणा गॅलरीच्या टोकाला दिसला की चहाचे आधण चढायचे. आता दाराला बाहेरून लोखंडी जाळीचे दार, आत लाकडी दार, आणि म्हातारे माणूस दोन्हींच्या मागे एकटे.

बिनतारी बेलचे दोन भाग असतात. बाहेरच्या बटणात एक छोटा सेल असतो. बटण दाबले की त्यातून रेडिओ लहर निघते. आत प्लगला लावलेला डबा ती ओळखतो आणि वाजतो. यातली एक गोष्ट आम्ही उगाच दोन सेल वाया घालवल्यावर शिकलो. बटणातला सेल उतरला तर लहर डब्यापर्यंत पोहोचत नाही, बेल कधी वाजते, कधी वाजत नाही. पण डबा प्लगवर चालणारा असेल तर नवा सेल घालून आवाज तसूभरही वाढत नाही. आवाज डब्याचा असतो, बटणाचा नव्हे. डबाच सेलवर चालणारा असेल, तर मात्र त्याचे सेल उतरल्यावर आवाज पडतो.

म्हणून आधी ठरवावे की बेल वाजत नाही की ऐकू येत नाही. एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने डब्यापाशी उभे राहावे. दाबूनही वाजत नसेल तर सेल पाहावा, आणि बटण कुठे चिकटवले आहे तेही पाहावे. पुष्कळ लोक ते लोखंडी जाळीच्या दारावरच लावतात. लोखंड आणि सिमेंट काँक्रीटच्या भिंती ही लहर अडवतात. खोक्यावर शंभर-दोनशे मीटरचा पल्ला छापलेला असला तरी तो मोकळ्या मैदानातला. बटण लाकडी चौकटीवर किंवा भिंतीवर लावावे.

आमची बेल वाजत होती. मग तिच्या बाजूचे आवाजाचे बटण पाहिले. चार पायऱ्या होत्या आणि ती विकत आणल्यापासून दुसऱ्याच पायरीवर होती! दोन वर्षांत घरातल्या कोणीही ते पाहिले नव्हते, बी.कॉम. झालेल्या माणसानेही नाही. आवाज पूर्ण केला. हॉलमध्ये कान किटले, पण आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून बसलो तर जेमतेमच. कारण डबा हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून, वरून पडदा. आवाजाचे असे आहे की मोकळ्यात अंतर दुप्पट झाले तर तो सहा डेसिबलने उतरतो, आणि मध्ये बंद दार आले की आणखी. तेव्हा डबा जिथे वाजतो त्यापेक्षा ऐकणारा जिथे बसतो ते महत्त्वाचे.

आमचा भाचा आयटीआयचा. तो म्हणाला, "मामा, डबा खोलतो, आत मोठा स्पीकर बसवतो." आम्ही त्याला हात लावू दिला नाही. प्लगला लागणाऱ्या अशा पुष्कळ डब्यांत आतला भाग थेट 230 व्होल्टशी जोडलेला असतो. खोलून चालू करून पाहायला गेले तर जिवावर बेतेल. त्यापेक्षा त्याच कंपनीचा दुसरा डबा आणला, चारशे रुपयांत. एकाच बटणावर दोन-तीन डबे वाजू शकतात, फक्त नव्या डब्याला ते बटण एकदा ओळखायला लावावे लागते, कृती पुस्तिकेत असते. हा दुसरा डबा वडिलांच्या उशाशी लावला.

आणि तरीही वडील म्हणाले, "कुठे वाजतेय?"

आमचे वडील 1965 पासून 1982 च्या संपापर्यंत साचे खात्यात होते. याच खात्यात पूर्वी आपल्या माणसांना घेत नसत आणि 1928 च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला होता. ते दार उघडले, त्याबरोबर हा आवाजही पदरी आला. शेकडो साचे एकदम चालत, तेव्हा शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागे. आठ तासांसाठी 90 डेसिबल ही कायद्याची मर्यादा, आणि साचे खाते त्याच्या वर जाई. अशा आवाजाने कान सगळाच्या सगळा जात नाही. आधी बारीक, तार स्वर जातात, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. वयानेही तेच स्वर आधी जातात. म्हणून माणूस बोललेले ऐकतो, पण पक्ष्याची शीळ आणि स्वस्त बेलची किणकिण त्याला ऐकू येत नाही. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात आवाजाने येणारे बहिरेपण पुढे व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदले गेले. आमच्या ओळखीच्या गिरणी कामगारांत कोणी त्यासाठी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.

हे कळल्यावर आवाज वाढवायचे सोडून आम्ही सूर बदलायला बसलो. डब्यात छत्तीस चाली. मुलगी एकेक लावत होती, वडील मान हलवत होते. एकविसावी चाल लागली, जड टोल्यांची, जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखी. वडील म्हणाले, "ही. ही येते." मुलीने टीव्ही मोठा करून पुन्हा लावली, तरी आली. बेलबरोबर दिवा चमकणारे डबेही मिळतात. फारच कमी ऐकू येत असेल त्यांनी तसा घ्यावा.

एक सावधगिरी. बटणातला सेल काही बेलमध्ये नाण्यासारखा चपटा असतो. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. असे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता ताबडतोब इस्पितळ गाठावे. जुना सेल टेबलावर टाकू नये.

आता कानाचे. मळ साचला असेल तर तेवढ्यानेही ऐकू येत नाही, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे कानाची तपासणी होते. 65 वर्षांवरील गरजूंना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी 3,000 रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याने 2024 मध्ये आणली. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

त्या सोबत्यांकडे वडिलांना घेऊन आम्ही स्वतः गेलो. दोघे तासभर बोलले, म्हणजे दोघेही ओरडले. त्यांचाही कान तसाच, तेही साचेवालेच. येत्या मंगळवारी दोघांनाही वांद्र्याला न्यायचे ठरले आहे. वडिलांची अट एकच, आधी त्यांच्या सोबत्याचा कान तपासायचा.