पालकांच्या सहीपुरता कागद

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सहामाही परीक्षेचा निकाल पालकांच्या हाती द्यावा आणि त्यासोबत सत्राचा आढावा घेणारे पत्र घरोघर पाठवावे, ही आपल्याकडील माध्यमिक विद्यालयांची चांगली रीत आहे. ख्रिस्ती धर्मसंस्थांनी चालविलेली विद्यालये ती विशेष काटेकोरपणे पाळतात. पत्र वेळेवर निघते, त्यावर शिक्का असतो, मुख्याध्यापक फादरांची अथवा सिस्टरांची स्वाक्षरी असते आणि तळाशी पालकांच्या सहीसाठी एक रेघ आखलेली असते. अलीकडे तेच पत्र व्हॉट्सॲपवरही येते. या व्यवस्थेत उणीव एकच आहे. पण ती साऱ्या व्यवस्थेवर पाणी ओतणारी आहे. पत्र इंग्रजीत असते, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलेले असते त्यांतील अनेकांना इंग्रजी वाचता येत नाही.

हा प्रश्न शिक्षणाच्या माध्यमाचा नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. गोव्यात भाषेचा शब्द उच्चारला की १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, १९९० चे प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे धोरण आणि २०११ चे माध्यमाचे आंदोलन अशी सारी भुते एकदम उठून बसतात. त्या वादात आमचे म्हणणे काय, हे वाचक जाणतात. मुलाने कोणत्या भाषेत शिकावे हा एक प्रश्न. मुलाचे शिक्षण कसे चालले आहे हे आईबापांना कोणत्या भाषेत सांगावे हा दुसरा. पहिल्यावर दोन मते असू शकतील. दुसऱ्यावर ती का असावीत, हे आम्हांला उमगत नाही.

मुळात हे पालक कोण आहेत? मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्या घरांत पिढ्यानुपिढ्या अक्षर शिरले नव्हते तेथे पाटी-पेन्सिल पोहोचली. त्या शाळांची वाट पुढच्या पिढ्यांनीही तुडविली. परंतु चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी, असा एक उंच उंबरठा आपल्या शिक्षणव्यवस्थेने मध्येच बांधून ठेवला. तो ओलांडताना कित्येक मुले अडखळली आणि आठवी-नववीत घरी बसली. आज तीच मुले आईबाप झाली आहेत. ती वर्तमानपत्र वाचतात, पोथी वाचतात, पंचायतीची नोटीस वाचतात. त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपला मुलगा वा मुलगी मात्र त्या उंबरठ्यापलीकडे जावी म्हणून ती पोटाला चिमटा घेऊन त्यांना गावातील वा शेजारच्या गावातील फादरांच्या विद्यालयात घालतात. म्हापशाचे सेंट ब्रिटो, मडगावचे लॉयोला, पणजीचे डॉन बॉस्को ही नावे शहरी वाचकांच्या परिचयाची आहेत. पण खरे काम खेड्यांतील लहान लहान विद्यालयांनी केले आहे. तेथील शिस्त, शिक्षकांची हजेरी आणि खेळाच्या मैदानाची आस्था यांबद्दल हिंदू पालकांच्या मनात आदर आहे आणि तो सार्थ आहे. आदर आहे म्हणूनच हे लिहावेसे वाटते.

आता त्या पत्रात काय असते ते पाहू. सत्रान्त म्हणजे केवळ स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि सुट्टीच्या शुभेच्छा नव्हेत. कोणत्या विषयात मूल मागे आहे, त्याच्यासाठी जादा वर्ग केव्हा भरणार, हजेरी किती कमी पडली, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, जातीचा दाखला कधी आणायचा, दहावीच्या परीक्षेच्या अर्जावर नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे की नाही हे कधी तपासून जायचे, अशा गोष्टी त्यात असतात. यांतील एकेका ओळीची किंमत मोठी आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. त्या दर्जाबरोबर येणारी शिष्यवृत्ती काणकोणच्या किंवा सांग्याच्या एखाद्या घरात पोहोचायची तर पहिला दरवाजा शाळेच्या सूचनेचा आहे. नावातले एक अक्षर दहावीच्या प्रमाणपत्रावर चुकीचे छापले गेले, तर ते दुरुस्त करून घेण्यासाठी पुढे किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. आणि हजेरी कमी असल्याचा इशारा ऑक्टोबरात कळला तर उपाय करता येतो. वर्षअखेरीस कळून काय उपयोग?

मग हे पत्र घरी वाचतो कोण? बहुतेक ठिकाणी तोच विद्यार्थी, ज्याच्याविषयी ते लिहिलेले असते! गणितात लक्ष नाही, वर्गात बोलतो, तीन वेळा गृहपाठ आणला नाही, असे शिक्षकाने लिहिले असेल तर चौदा वर्षांचा मुलगा त्याचे भाषांतर कसे करील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. "सगळे बरे आहे, इथे सही कर," एवढ्यात तो वाचनाचा समारंभ उरकतो. आरोपीनेच निकालपत्र वाचून दाखवावे, अशी ही पद्धत आहे. यात मुलाला दोष देता येत नाही. त्या वयात आपणही वेगळे वागलो नसतो. दुसरे एक नुकसान याहून खोल आहे आणि ते गुणपत्रिकेत दिसत नाही. आपल्या आईला हे वाचता येत नाही, ही गोष्ट मुलाला दर सत्राला नव्याने कळते. प्रथम त्याला त्याची सोय वाटते, मग गंमत वाटते आणि एक दिवस लाज वाटू लागते. पालकसभेला तू येऊ नकोस, बाबांना पाठव, असे मुले आईला सांगतात ते उगाच नव्हे. ज्या बाईने पहाटे उठून मासळीची पाटी डोक्यावर घेतली आणि त्या पैशांतून त्याचा गणवेश शिवला, तिला त्याच्या शाळेच्या दारात परके व्हावे लागते.

याची प्रचीती देणारे अगदी ताजे उदाहरण २०२५ सालचे आहे. त्या वर्षी सहावी ते दहावी आणि बारावी या इयत्तांचे शैक्षणिक वर्ष जूनऐवजी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू करण्याचा निर्णय सरकारने अमलात आणला. पिढ्यानुपिढ्या मृगाच्या पावसाबरोबर शाळा सुरू होते असे मानणाऱ्या समाजाच्या पंचांगातच हा फेरफार होता. एप्रिल म्हणजे काजू-आंब्यांचा हंगाम, देवाच्या जत्रा, कुटुंबातली लग्नकार्ये, आजोळचा मुक्काम. निर्णय योग्य की अयोग्य यावर पुष्कळ चर्चा झाली. वाद न्यायालयातही गेला. पण असा बदल घराघरांत समजून सांगण्याचे काम शेवटी कोणाचे? वर्तमानपत्रे आपले काम करतात, तरी आपल्या मुलाच्या वर्गापुरती नेमकी तारीख, वेळ, पुस्तके कधी मिळणार, मे महिन्यात सुट्टी किती, हे पालक शाळेच्या कागदावरच शोधणार. तो कागद त्याला वाचता येऊ नये, हा कारभार कोणत्या शहाणपणात बसतो?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकाला घर आणि शाळा यांमधील महत्त्वाचा दुवा म्हटले आहे आणि त्याला पालकसभांची जोड द्यावी असे सुचविले आहे. केवळ गुणांचे आकडे न देता मुलाची सर्वांगीण वाढ शब्दांत मांडावी, अशीही त्यात अपेक्षा आहे. म्हणजे यापुढे या कागदावर आकडे कमी होऊन शब्द वाढणार. आकडा तरी कोणालाही वाचता येतो! शंभरांपैकी बावीस म्हणजे काय, हे निरक्षर बापालाही कळते. ते आकडे जाऊन तेथे इंग्रजीतील मोघम वाक्ये आली, तर जो थोडा उजेड होता तोही मालवेल.

ख्रिस्ती संस्थांना हे सांगताना आम्हांला त्यांच्याच इतिहासाची आठवण द्यावीशी वाटते. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला तो जेझुइट पाद्रींच्या हातून. त्याच संघाचे फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली येथे आले, साष्टीत राहिले, आणि आपल्या धर्माची कथा नव्या ख्रिस्ती लोकांना सांगायची तर ती त्यांना कळेल अशा भाषेत आणि रुचेल अशा छंदात सांगितली पाहिजे हे त्यांनी ओळखले. १६१६ साली रायतूरला छापले गेलेले त्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत आहे, ओवीत आहे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, प्रसिद्ध झाले. परक्या मुलखातून आलेला एक धर्मगुरू हे करू शकला. उलट १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. त्याचे काय झाले हे गोव्याच्या कोणत्याही वाड्यावर कान देऊन ऐकावे. आपल्या विद्यालयांनी या दोहोंपैकी कोणाची परंपरा चालवायची, हे ठरविणे त्यांना अवघड जाऊ नये. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेत वाट मोकळी करून दिली. आज रविवारी इगर्जीत जे पाद्री मीस करताना कोकणीत बोलतात, तेच सोमवारी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले की वाड्यावरच्या माणसाला इंग्रजीत पत्र लिहितात. देवाशी बोलायला जी भाषा चालते ती पालकांशी बोलायला का चालू नये?

आक्षेप येतील. गोव्यात देवनागरी कोकणी आहे, रोमी कोकणी आहे, मराठी आहे, वास्कोच्या बंदराकडे कानडी आणि हिंदी बोलणारी कुटुंबे आहेत. मग कोणकोणत्या भाषेत लिहायचे? याचे उत्तर फारसे कठीण नाही. प्रवेशअर्जावर धर्म, जात, व्यवसाय, उत्पन्न एवढे सारे विचारणाऱ्या शाळेने घरात कोणती भाषा वाचली जाते, हा एक रकाना वाढवावा. बहुतेक शाळांत दोन किंवा तीनच भाषा निघतील. मराठीचे आणि कोकणीचे शिक्षक प्रत्येक विद्यालयात पगारावर आहेतच. सत्राला एका पानाचे भाषांतर हा त्यांच्यावर अन्याय ठरू नये; ठरत असेल तर त्यांना तेवढा तास मोकळा द्यावा. फोनवर आता यंत्रच भाषांतर करते, असेही कोणी सांगतील. करते खरे, आणि कामचलाऊ करते. पण पत्राचा अर्थ लावण्याचे ओझे पाठविणाऱ्याने घ्यायचे की घेणाऱ्याने, हा मुद्दा यंत्राने सुटत नाही. छापील कागदाचा अंधुक फोटो काढून ग्रुपवर टाकला तर ते यंत्रही हात टेकते.

आणि येथे आमच्या लोकांनी फार ताठ मानेने बसू नये. ख्रिस्ती संस्थांकडे बोट दाखविणे सोपे आहे. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ साली निघाली ती घरोघरच्या मूठभर धान्याच्या बळावर, पोर्तुगीजांच्या राज्यात आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून. त्या काळच्या अशा प्रयत्नांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या हिंदू संस्थांपैकी किती जणांची सत्रान्त पत्रे आज मराठीत निघतात? सभेत मराठीचा जयजयकार, आणि कार्यालयातून निघणारी सूचना इंग्रजीत! आपल्याच घरात हे चालत असेल, तर शेजाऱ्याला उपदेश करताना आवाज जरा खाली ठेवावा लागतो.

गोव्याबाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. भोपाळला १९५० नंतरच्या दशकांत अवजड विद्युत उपकरणांचा सरकारी कारखाना उभा राहिला. त्या बाजूच्या इंद्रपुरीसारख्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कॉन्व्हेंटच्या पत्रात इंग्रजी, असे तिहेरी जगणे असते. तेथे मराठी पत्राची मागणी कोणी करणार नाही आणि करूही नये. पण हिंदी पत्र मिळाले तर त्या घरातील आजीलाही ते वाचता येईल. मागणी मराठीच्या मानाची नसून वाचणाऱ्याच्या सोयीची आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या न्यूयॉर्क शहरात सार्वजनिक शाळांनी इंग्रजी न जाणणाऱ्या पालकांना महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असा शिक्षण खात्याचा नियम आहे. इंग्रजीच्या राज्यात जे घडू शकते ते मराठी आणि कोकणीच्या राज्यात घडू नये, याला काय म्हणावे!

पालकसभांच्या वेळेविषयीही एक शब्द. शनिवारी सकाळी दहाला सभा ठेवली की हॉटेलात, खाजगी कंपनीत किंवा बाजारात काम करणाऱ्यांना रोजगार बुडवून यावे लागते. म्हापशाच्या आसपास शुक्रवारी सभा बोलावणे म्हणजे भाजी आणि मासळी विकणाऱ्या बायांना मुद्दाम वगळणे होय. संध्याकाळचा एक तास शिक्षकांना जड जाईल, पण सत्रातून एकदाच.

शिक्षण खात्याला आमची सूचना अशी की, अनुदान घेणाऱ्या प्रत्येक विद्यालयाने, मग ते चर्चचे असो वा देवस्थानाच्या आश्रयाचे, सत्रान्त पत्र आणि प्रगतिपत्रकावरील शेरा पालकाने निवडलेल्या भाषेत द्यावा, असे परिपत्रक खात्याने काढावे. राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा मानले आणि मराठीचा वापर शासकीय कामांत मान्य केला, त्यास साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला. त्या मान्यतेचा उपयोग विधानसभेतील भाषणांपेक्षा अशा एका पानावर अधिक होईल. धर्मप्रांताच्या शिक्षणसंस्थेने परिपत्रकाची वाट न पाहता हे स्वतः सुरू केले तर दुधात साखर. पालकांनीही न वाचता सही करू नये. शाळेच्या कचेरीत जाऊन, हे काय लिहिले आहे ते मला मराठीत सांगा, असे म्हणायला संकोच कशाचा? दहा पालक एका आठवड्यात हाच प्रश्न घेऊन गेले, तर पुढच्या सत्राचे पत्र कदाचित आपोआपच दोन भाषांत निघेल.